सात नंबरची काच

चाळीस वर्षे काच कापणाऱ्या माणसाने बसवलेली काच मोडली, की त्याच्या मनात पहिला विचार एकच येतो: आपल्या कामात खोट राहिली. खोट भिंतीत असेल, हे त्याच्या डोक्यातच शिरत नाही. फ्रेमवाल्या काकांचे नेमके असेच झाले. माणूस लबाड नव्हता. फक्त स्वतःच्या हातावर त्याचा जरा जास्तच जीव होता, आणि अशा माणसाला लबाडी शिकायला फार दिवस लागत नाहीत.

शहराच्या जुन्या भागात एकीला एक खेटून चार इमारती उभ्या होत्या. दीडशे वर्षांच्या, तीन-तीन मजली, लाकडी जिन्यांच्या, दारांवर दगडी वेलबुट्टी असलेल्या. रस्त्यावरून जाणारा थांबून फोटो घ्यायचा आणि आत राहणारा त्याच वेळी गळक्या छताखाली बादली सरकवत असायचा. या इमारती पाडाव्या की ठेवाव्या, यावर नगरपालिकेत सात वर्षे काथ्याकूट चालू होता. पाडा म्हणणारे तिथे कधी राहिले नव्हते आणि ठेवा म्हणणारेही राहिले नव्हते. शेवटी एक जतन समिती नेमली गेली, आणि समितीने सगळे ओझे एका तिशीतल्या इंजिनियर मुलीच्या डोक्यावर टाकले. सहा महिने नजर ठेव आणि काय ते लिहून दे. गल्ली तिला ताई म्हणायची.

तिसऱ्या इमारतीत तळमजल्यावर काकांचे फ्रेमचे दुकान होते आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत काका-काकूंचा संसार. लग्न होऊन काकू इथेच आल्या. मुलगी इथेच वाढली आणि सासरी गेली. दुकान आणि घर यांच्यामध्ये एकच पडदा असल्यामुळे काका म्हणायचे, "मला कामाला जाताना चप्पलसुद्धा घालावी लागत नाही." ही इमारत गेली तर या वयात ना घर, ना दुकान. काकांना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ताईची पद्धत साधी होती. भिंतीला जिथे भेग असेल तिथे, भेगेवर आडवी, बोटभर रुंदीची एक काचपट्टी ठेवायची. तिची दोन्ही टोके सिमेंटने भिंतीत पक्की करायची आणि काचेवर लाल रंगाने नंबर आणि तारीख घालायची. भेग जुनी आणि निवांत असेल तर काच वर्षानुवर्षे तशीच राहते. पण भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते.

"काच खोटं बोलत नाही, काका," ताई म्हणाली होती.

"पट्ट्या मी देतो," काका म्हणाले. दोन मिलिमीटरची साधी काच घेऊन त्यांनी काच कापायच्या हिरकणीने बारा पट्ट्या कापल्या, वर सगळ्यांच्या कडा घासून गुळगुळीत केल्या.

"कडा कशाला घासताय? कोण हात लावणार आहे तिथं?"

"मी लावणार ना, बसवताना. माझं मला बरं वाटायला हवं."

ताई हसली आणि बसवायचे कामही तिने काकांनाच दिले. बारांपैकी सात नंबरची पट्टी तिसऱ्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, मास्तरीणबाईंच्या खोलीत लागली. बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आणि एकट्या. अर्ध्या गल्लीला त्यांनी शिकवले होते आणि उरलेल्या अर्ध्या गल्लीच्या आईबापांना. काकू त्यांना रोज दुपारी जेवणाचा डबा पाठवायच्या, आणि काकूंचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून तो डबा काका वर नेत.

चार महिन्यांनी एका दुपारी काका डबा ठेवायला गेले, तर सात नंबरची पट्टी मधोमध तडकलेली. बाई पेपरात डोके घालून बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांना एवढा बारीक तडा दिसणे शक्यच नव्हते. काकांना मात्र शरमेने मान वर करवेना. बाकीच्या अकरा पट्ट्या ठणठणीत आणि आपल्याच इमारतीतली मोडावी? म्हणजे कापताना हिरकणी अडखळली असणार, नाहीतर सिमेंट भरताना आपण जास्त दाबली असणार. आता त्या पोरीला काय तोंड दाखवायचे?

त्यांनी तिला तोंड दाखवलेच नाही. त्याच दुपारी नवी पट्टी कापली, बाई रोजच्या वेळेला देवळात गेल्यावर जुनी काढून तिथे बसवली आणि वर ताईच्या अक्षरात तीच जुनी तारीख रंगवली. लोकांच्या फोटोंखाली नावे रंगवण्यात हयात गेलेली, त्यांना कुणाचेही वळण उचलायला कितीसा वेळ लागणार? मोडकी पट्टी त्यांनी धंद्याच्या सवयीने पाठीमागे त्या दिवसाची तारीख लिहून पत्र्याच्या डब्यात टाकली. तारीख घातल्याशिवाय वस्तू हातावेगळी करणे त्यांना जमतच नसे, मग ती फ्रेम असो नाहीतर फुटकी काच.

चाळीस दिवसांनी दुसरी पट्टीही मोडली. आता काकांना राग आला, आणि तो कुणाचा, तर काचेचा. माझ्या हातची काच दोनदा मोडते म्हणजे काय? त्यांनी या खेपेला तीन मिलिमीटरची जाड काच लावली. आता मोडून दाखव म्हणावे! गजर फार वाजतो म्हणून घड्याळ उशीखाली दडपण्यातलाच हा प्रकार, पण उशी दाबणाऱ्याला ते त्या वेळी कुठे कळते.

सतरा दिवसांत जाड काचही मोडली. तेव्हा मात्र काकांनी तुकडा उजेडात धरून उलटसुलट पाहिला. तीन मिलिमीटरची, निर्दोष, त्यांच्या हाताखालून गेलेली उत्तम काच होती ती. काच चुकत नव्हती, भिंत चालत होती. हे कळूनही त्यांनी चौथी पट्टी कापली. पहिल्या वेळी ती चूक होती, दुसऱ्या वेळी घमेंड होती. तिसऱ्या वेळेला मात्र लबाडी हेच नाव आहे आणि मी ते गोड करून सांगणार नाही. समितीच्या बैठकीला आठच दिवस उरलेत, एकदा 'ठेवा' असा निर्णय झाला की दुरुस्ती सुरू होईल, दुरुस्तीत सगळेच ठीकठाक होईल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. स्वतःची समजूत घालायला माणसाला फार हुशारी लागत नाही.

बैठक गुरुवारी होती. सोमवारी ताई शेवटची पाहणी करायला आली. बाराच्या बारा पट्ट्या शाबूत! तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला, की बघणाऱ्यालाही हुरूप यावा. "चारही इमारती ठेवा, दुरुस्त करा, असंच लिहिणार मी," तिने जिन्यातच जाहीर केले. गल्लीचा जीव भांड्यात पडला. चौथ्या इमारतीतल्या टायपिस्टबाई, ज्या काकांच्या दुकानाच्या पाटीवरून गेली अकरा वर्षे त्यांच्याशी भांडत होत्या, त्यासुद्धा खिडकीतून हसल्या. काकाही हसले. जेवायला बसल्यावर मात्र त्यांनी ताट तसेच बाजूला सारले.

मंगळवारी ते डबा घेऊन वर गेले आणि दारातच थबकले. बाईंची कॉट जागेवर नव्हती. सहा महिने ती समोरच्या अंधाऱ्या कोपऱ्यात असायची. आज ती भेगेच्या भिंतीला चिकटवून लावली होती. उशी बरोबर सात नंबरच्या पट्टीखाली होती आणि उशीला टेकून बाई पेपर वाचत होत्या.

"या, या. आज तुमचे आभार मानायचे ठरवूनच बसलेय."

"माझे? कशाबद्दल?"

"या काचेबद्दल! अहो, सहा महिने या भिंतीची काय धास्ती घेतली होती मी. त्या कोपऱ्यात आंधळ्यासारखी पडून राहायचे. काल ताई म्हणाली, काच शाबूत आहे, भिंत हललेली नाही. म्हटलं, मग आता कसली भीती? पेपरवाल्याला हाताशी घेतलं आणि कॉट हलवली. इथं ऊन येतं हो. सहा महिन्यांनी मला बारीक अक्षर दिसतंय." त्यांनी हात वर करून पट्टीवरून बोट फिरवले. "कडासुद्धा किती गुळगुळीत केल्यात. तुमच्या हातचं काम म्हणूनच मला भरवसा. तुमचं भलं होवो."

काकांनी डबा ठेवला तो जवळजवळ टाकलाच.

"बाई, कॉट परत तिकडे घेऊ या."

"का बरं? काच शाबूत आहे ना?"

काकांनी काचेकडे पाहिले. काच खरोखर शाबूत होती. "आहे," ते म्हणाले, आणि आयुष्यात एवढे खरे आणि एवढे खोटे ते एका शब्दात कधी बोलले नव्हते.

खाली येऊन त्यांनी काकूंना गाठले. "बाईंना आत्ताच्या आत्ता खाली बोलाव. आजपासून इथंच जेवतील. मी परत येईपर्यंत त्यांना वर जाऊ द्यायचं नाही."

"झालंय काय? चेहरा बघा आरशात."

"आल्यावर सांगतो. पण वर सोडू नकोस. अगदी काहीही झालं तरी."

आणि पत्र्याचा डबा काखेत मारून ते निघाले. आपल्या पायात चप्पल नाही, हे त्यांना नगरपालिकेच्या पायऱ्या चढताना कळले.

ताई अहवालच लिहीत होती. काकांनी एक शब्द न बोलता तीन मोडक्या पट्ट्या तिच्या टेबलावर मांडल्या. प्रत्येकीचे दोन तुकडे, एकूण सहा.

"हे काय आहे?"

"सात नंबर."

"सात नंबर तर काल मी स्वतः..." ती थांबली. तिने एक तुकडा उचलला, त्यावरचे स्वतःचे अक्षर पाहिले, दुसरा उचलला, त्यावरही स्वतःचेच अक्षर पाहिले. मग तिला कळले आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. काका सांगू लागले. आधी कसे काचेतच खोट आहे असे वाटले, मग जाड काच कशी लावली, मग कळूनही कसे गप्प बसले. सांगताना ततपप झाले, पण त्यांनी काही गाळले नाही. बाईंची कॉट आता त्याच पट्टीखाली आहे, हे त्यांनी शेवटी सांगितले.

"मोडल्या कधी कधी? आठवतंय?"

"मागे लिहिलंय."

ताईने तुकडे पालथे केले. तारखा वाचून तिने कागदावर तीन आकडे मांडले: एकशे एकवीस, चाळीस, सतरा.

"वेग वाढतोय," ती म्हणाली. "आणि सतरा दिवसांत जी मोडली ती जाड काच होती." मग मात्र तिचा तोल गेला. "काका, मी परवा सही करणार होते! माझ्या सहीच्या भरवशावर त्या बाई तिथं झोपल्या असत्या. तुम्हाला काही कसं वाटलं नाही हो?"

काका मान खाली घालून उभे राहिले.

ताईने फोन उचलला, दोन ठिकाणी बोलली, पिशवी खांद्याला लावली. इमारत संध्याकाळच्या आत रिकामी करायची होती. जिना उतरता उतरता ती एकदम थांबली.

"मीही चुकले. दर महिन्याला त्या पट्टीसमोर उभी राहून मी फक्त तडा आहे का ते बघायचे. दोनाची तीन मिलिमीटर कधी झाली, ते माझ्या डोळ्यांना दिसलं नाही. काच तुमची म्हणून मी निर्धास्त." ती दोन पायऱ्या उतरली. "काका, थँक्यू."

"शिव्या द्या हो. थँक्यू कसलं?"

"शिव्याही देणार आहे, सवडीनं. पण तुम्ही आज आला नसतात, तर मला हे कळायला दुसरा काही मार्गच नव्हता. घर जाणार हे माहीत असून आलात. मी हे विसरणार नाही."

काकांना रडू आले. आपली लायकी नसताना कुणी आपले भले बोलले की माणूस असा रडतो.

संध्याकाळपर्यंत पाचही बिऱ्हाडे बाहेर पडली. सामान रस्त्यावर, माणसे फुटपाथवर, आणि ताई शेवटचे माणूस बाहेर येईपर्यंत दाराशी उभी. काकांना वाटले होते, लोक अंगावर धावून येतील. एकदोघे आलेही, पण टायपिस्टबाई मध्ये पडल्या. "भांडायचा मान माझा आहे, मी अकरा वर्षं भांडतेय," असे म्हणून त्यांनी सगळ्यांना हसवले, मास्तरीणबाईंना स्वतःच्या घरातली पुढची खोली दिली आणि काका-काकूंना मागची.

बाईंना काकांनी स्वतःच्या तोंडाने सगळे सांगितले. त्यांनी चष्मा पुसत ऐकून घेतले.

"तीनदा?"

"हो."

"माझ्या वर्गात असतात तर महिनाभर बाकावर उभं केलं असतं." मग त्यांनी चष्मा चढवला. "दुपारचे आभार मी परत घेते. ते चुकीच्या कामाचे होते. हे नवे घ्या, तुम्ही तिकडे गेलात त्याचे. आणि आता बसा, असे दारात ताटकळू नका."

काकू मात्र बोलल्या नाहीत. त्या घरासाठी रडतील असे काकांना वाटले होते. घराचे त्यांनी नावही काढले नाही. "मी रोज त्यांच्यासाठी डबा भरत होते," त्या एवढेच म्हणाल्या, "आणि तुम्ही तो त्या भिंतीखाली नेऊन ठेवत होतात." त्यानंतर त्यांनी अबोला धरला. ताट वाढायच्या, कपडे धुवायच्या, पण शब्द नाही. काकांनी तक्रार केली नाही. ताट समोर येतेय हेच त्यांना पुष्कळ वाटत होते.

गुरुवारी बैठक झाली. ताईने अहवालात काकांचे नाव घातले नव्हते, 'नव्याने हाती आलेल्या नोंदींनुसार' एवढेच लिहिले होते. समितीतले एक गृहस्थ, जे आयुष्यात कधी चुकले नसावेत असे बोलत, ते म्हणाले, "सोमवारी चारही ठेवा, गुरुवारी एक पाडा! या बाईंच्या शब्दावर आम्ही कसा विश्वास ठेवायचा?" मागच्या रांगेत काका उठून उभे राहिले.

"त्यांच्या शब्दावर ठेवा, साहेब. खोटं मी केलं. काच मोडत होती आणि मी बदलत होतो." त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली. "बाकीच्या अकरा पट्ट्या पहिल्या दिवसापासून त्याच आहेत. त्या मी बदलल्या असत्या तर त्यांचेही तुकडे माझ्याकडे असते. ताईनं दोन दिवस बसून एकेक पट्टी पुन्हा मोजलीय. त्या तीन इमारती उभ्या राहण्यासारख्या आहेत. आमची नाही. आमची पाडा."

आमची पाडा म्हणताना त्यांचा आवाज फुटला. पण ते म्हणाले. तिसरी पाडायची, पहिली, दुसरी आणि चौथी जतन करून दुरुस्त करायच्या, असा ठराव झाला. बाहेर येताना पहिल्या इमारतीतला एक म्हातारा, ज्याच्याशी काकांची नुसती तोंडओळख होती, त्यांचा हात हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. "आमचं राहिलं," तो म्हणाला.

पाडकाम पुढच्या आठवड्यात सुरू झाले. शेजारच्या दोन्ही इमारतींना धक्का लागू नये म्हणून यंत्र न लावता हातानेच, वरून खाली, एकेक वीट काढायची होती. छप्पर उतरले, तिसरा मजला उतरला. बाराव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मुकादम बाईंच्या खोलीत पोचला. पुढची भिंत उतरवून झाली होती, त्यामुळे रस्त्यावरून ती खोली सगळी उघडी दिसत होती. भेगेची भिंत, तिच्यावरची पट्टी, खाली फरशीवर कॉटच्या पायांचे चार डाग. खाली काका उभे होते. काकूही आल्या होत्या, चार हात अंतर ठेवून. टायपिस्टबाईंचा हात धरून मास्तरीणबाई आल्या होत्या.

मुकादम भिंतीच्या पलीकडच्या बाजूला, हातभर लांब, कमरेला दोर बांधून फळीवर उभा होता. त्याची पहार अजून खांद्यावरच होती. कुठून सुरुवात करावी याचा अंदाज घ्यायला त्याने नुसता तळहात भिंतीवर टेकवला.

भिंत गेली. खालपासून वरपर्यंत, एकसंध, खोलीच्या आत कोसळली. मुकादम दोराला धरून मागे लटकला म्हणून वाचला. आधी आवाज आला आणि मग धूळ, आणि धूळ खाली बसली तेव्हा फरशीवरचे ते चार डाग कंबरभर विटांखाली गेले होते.

काका होते तिथेच, रस्त्याच्या मधोमध, मटकन खाली बसले. त्यांचे ओठ हलत होते. कुणाचे आभार मानावे ते त्यांना कळत नव्हते. ताईचे, की मोडलेल्या काचेचे, की त्या मंगळवारी आपल्याला जिन्यावरून खाली उतरवणाऱ्या स्वतःच्याच पायांचे. त्यांचे घर त्यांच्यासमोर वीट वीट होऊन उतरत होते आणि त्यांच्या मनात घराबद्दल एक अक्षरही नव्हते.

तेवढ्यात त्यांच्या खांद्यावर एक हात पडला.

"उठा," काकू म्हणाल्या. अठरा दिवसांनी बोलत होत्या, त्यामुळे आवाज जरा घोगरा निघाला. "रस्त्यात बसताय काय असे? बाई केव्हाच्या उन्हात उभ्या आहेत. खुर्ची आणा त्यांना."

काकांनी मान वर करून पाहिले. बाई खरोखरच उभ्या होत्या. ते धडपडत उठले आणि खुर्ची आणायला पळाले.